समान काम, समान वेतन : कायद्याचे संरक्षण आणि आपली जबाबदारी

नोकरी करणाऱ्या माणसाला वेतन किती मिळते, हा प्रश्न केवळ पैशाचा नसतो. एकाच कचेरीत, शेजारशेजारच्या मेजांवर, सारखेच काम करणाऱ्या दोघांपैकी एकाच्या हाती महिनाअखेर कमी रक्कम पडू लागली, की आपल्या श्रमाला कमी लेखले जात आहे ही खंत त्याच्या मनात घर करते. ही रक्कम कमी का, याचे उत्तर त्याच्या कामात, अनुभवात वा कौशल्यात सापडत असेल तर गोष्ट वेगळी. परंतु काम करणारी व्यक्ती स्त्री आहे, एवढ्याच कारणाने ती कमी होत असेल, तर तो अन्याय आहे आणि आपल्या देशाच्या कायद्याने त्याला मनाई केली आहे.

आपल्या समाजातील स्त्रिया नोकरीसाठी घराबाहेर पडल्या, त्याला आता कित्येक पिढ्या लोटल्या. शिक्षिका, परिचारिका, टंकलेखिका, लघुलेखिका म्हणून त्यांनी नाव मिळवले. वसईहून पहाटेची लोकल पकडून मुंबईच्या कचेऱ्यांत जाणाऱ्या आपल्या भगिनींनी अनेक घरांचे संसार सावरले. असे असूनही कामाच्या ठिकाणी आपल्याला कोणते हक्क आहेत, ते कोणत्या कायद्यात आहेत आणि डावलले गेल्यास दाद कोठे मागायची, याची माहिती फार थोड्यांना असते. ती सोप्या शब्दांत वाचकांपुढे ठेवावी, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत. आरंभ मुंबईतच घडलेल्या एका खटल्यापासून करू.

मुंबईच्या एका लघुलेखिकेचा लढा

मॅकिनन मॅकेन्झी ही मुंबईतील जहाज व्यवसायातील एक जुनी कंपनी. या कंपनीत ऑड्री डिकॉस्टा या लघुलेखिका म्हणून काम करीत होत्या. वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या हाताखाली गोपनीय पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या स्त्रियांना तेथे 'कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर' असे पदनाम होते. कंपनीत पुरुष लघुलेखकही होते आणि त्यांचे वेतन या स्त्रियांपेक्षा जास्त होते. जून १९७७ मध्ये डिकॉस्टा यांची नोकरी संपुष्टात आली. त्यानंतर त्यांनी समान वेतन कायदा, १९७६ याच्या आधारे अर्ज केला आणि पुरुष लघुलेखकांच्या वेतनातील व आपल्या वेतनातील फरक मिळावा अशी मागणी केली.

पहिल्या अधिकाऱ्याने त्यांचा अर्ज फेटाळला. त्यांनी अपील केले, तेव्हा कामगार उपायुक्तांनी त्यांच्या बाजूने निर्णय दिला आणि वेतनातील फरकापोटी सात हजार रुपयांहून थोडी अधिक रक्कम देण्याचा आदेश कंपनीला दिला. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. तेथे एक न्यायमूर्तींपुढे हरली, मग खंडपीठापुढेही हरली. शेवटी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि मार्च १९८७ मध्ये त्या न्यायालयानेही डिकॉस्टा यांचा हक्क मान्य केला. नोकरी सुटल्यापासून अंतिम निर्णयापर्यंत जवळजवळ दहा वर्षे गेली. रक्कम आजच्या हिशेबाने लहान वाटेल. परंतु त्या निकालाने देशातील सर्व नोकरदार स्त्रियांसाठी एक वाट मोकळी केली.

कंपनीने न्यायालयापुढे जे मुद्दे मांडले, ते आजही अनेक ठिकाणी ऐकू येतात. म्हणून त्यांची उत्तरे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

पहिला मुद्दा असा की, अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या गोपनीय कामावर एकही पुरुष नाही. मग तुलना करायची कोणाशी? न्यायालयाने म्हटले की, हे काम स्त्रियांनीच करावे असा कोणताही नियम किंवा रूढी नाही. पुरुष लघुलेखक आणि स्त्री लघुलेखक यांच्या कामाचे स्वरूप एकच असेल, तर निराळे पदनाम देऊन वेतन कमी करता येणार नाही. दोघांचे काम सारखे आहे की नाही हे पाहताना बारीकसारीक फरक काढत बसू नये, प्रत्यक्षात दररोज कोणते काम केले जाते ते व्यापक दृष्टीने पाहावे, असा दंडक न्यायालयाने घालून दिला.

दुसरा मुद्दा कामगार संघटनेशी झालेल्या कराराचा होता. वेतन करारानुसार ठरले आहे, असे कंपनीचे म्हणणे. परंतु कायद्याने दिलेला हक्क कराराने काढून घेता येत नाही. आपल्यापैकी कोणी कमी वेतनाच्या कागदावर सही केली असेल, तरी तेवढ्याने कायद्याचे दार बंद होत नाही, हा यातील मोठा दिलासा होय.

तिसरा मुद्दा आर्थिक अडचणीचा. कंपनीची स्थिती बरी नाही, म्हणून पुरुषांइतके वेतन देणे परवडत नाही. न्यायालयाने स्पष्ट केले की, समान वेतनाचा कायदा लागू होणे हे मालकाच्या ऐपतीवर अवलंबून नाही. परवडत नसल्याचा भार केवळ स्त्रियांच्या खांद्यावर टाकता येणार नाही.

या तिन्ही उत्तरांचे सार एकच आहे. कायदा विचारतो, काम कोणते आहे. ते कोण करते आणि पाटीवर नाव काय लिहिले आहे, हे प्रश्न दुय्यम आहेत.

आजचा कायदा काय सांगतो?

या हक्काची मुळे आपल्या संविधानात आहेत. अनुच्छेद १४ कायद्यापुढील समानता देतो. अनुच्छेद १६ नुसार सरकारी नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान किंवा निवास एवढ्याच कारणांवरून कोणत्याही नागरिकाला अपात्र ठरवता येत नाही. अनुच्छेद ३९ मध्ये स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतन मिळावे, हे राज्याच्या धोरणाचे तत्त्व म्हणून नमूद केले आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या समान वेतनविषयक १०० व्या करारास भारताने १९५८ साली आणि नोकरीतील भेदभावविषयक १११ व्या करारास १९६० साली मान्यता दिली.

ज्या समान वेतन कायद्याखाली डिकॉस्टा लढल्या, तो आता स्वतंत्रपणे अस्तित्वात नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि त्यांपैकी वेतन संहिता, २०१९ मध्ये तो कायदा सामावून घेण्यात आला. हक्क मात्र कायम आहे. वेतन संहितेच्या कलम ३ नुसार, एकाच मालकाकडे समान किंवा समान स्वरूपाचे काम करणाऱ्यांमध्ये लिंगाच्या कारणावरून वेतनात भेदभाव करता येत नाही. भरती करताना आणि नोकरीच्या अटी ठरवतानाही असा भेदभाव करण्यास मनाई आहे. समानता आणण्यासाठी ज्याचे वेतन जास्त आहे त्याचे कमी करायचे, ही पळवाटही याच कलमाने बंद केली आहे. ज्या कामावर स्त्रियांना नेमण्यास एखाद्या कायद्यानेच बंदी वा मर्यादा घातली असेल, तेवढाच अपवाद.

'समान स्वरूपाचे काम' म्हणजे काय, याची व्याख्याही संहितेत दिली आहे. लागणारे कौशल्य, कष्ट, अनुभव आणि जबाबदारी सारखी असावी व कामाची परिस्थिती सारखी असावी. किरकोळ फरक असेल, पण व्यवहारात त्याला महत्त्व नसेल, तर काम समानच धरले जाते. यावरून हेही ध्यानात येईल की वेतनातील प्रत्येक फरक म्हणजे भेदभाव नव्हे. वीस वर्षांचा अनुभव असलेल्याला नवख्यापेक्षा अधिक वेतन मिळणे न्याय्यच आहे. तक्रार करण्यापूर्वी आपण स्वतःलाही हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारावा.

हंगामी व कंत्राटी नोकरांचा प्रश्नही वारंवार पुढे येतो. सरकारी सेवेतील हंगामी कर्मचारी नियमित कर्मचाऱ्यांचेच काम करीत असतील, तर त्यांनाही समान वेतनाचे तत्त्व लागू होते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली पंजाब राज्याच्या एका प्रकरणात दिला. खाजगी क्षेत्राला हा निर्णय सरसकट लागू होत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे.

मातृत्व हा गुन्हा नाही

वेतनाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक त्रास स्त्रियांना गरोदरपणात होतो. उघडपणे कमी वेतन देण्याचे धाडस आता थोडे मालक करतात. पण दिवस गेल्याचे कळताच राजीनामा मागणारे आजही आहेत. या बाबतीत न्यायालयांनी वेळोवेळी ठाम भूमिका घेतली आहे.

एअर इंडियातील हवाई सुंदरींना पहिल्या गरोदरपणातच नोकरी सोडावी लागे, असा नियम होता. सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली तो रद्द ठरवला. त्याच निकालात, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न न करण्याची अट मात्र न्यायालयाने कायम ठेवली. समानतेची वाटचाल एका पावलात पूर्ण होत नाही, हे यावरून दिसते. पुढे १९९१ साली आयुर्विमा महामंडळाच्या एका परिवीक्षाधीन कर्मचारी स्त्रीचे प्रकरण न्यायालयापुढे आले. नोकरीच्या अर्जात तिला मासिक पाळी आणि पूर्वीची गरोदरपणे यांविषयी खाजगी माहिती भरावी लागली होती. ती खोटी असल्याचे सांगून तिला बाळंतपणाच्या रजेनंतर कमी करण्यात आले. न्यायालयाने तिला कामावर परत घ्यायला लावले आणि अर्जातील ते लज्जास्पद रकाने काढून टाकण्यास सांगितले. मार्च २००० मध्ये, दिल्ली महानगरपालिकेच्या मस्टरवर रोजंदारीने रस्त्याची कामे करणाऱ्या स्त्रियांनाही प्रसूती लाभ मिळालाच पाहिजे, असा निर्णय झाला. बाळंतपण कायम नोकरीतील स्त्रीचे आणि रोजंदारीवरील स्त्रीचे वेगळे नसते, हे सत्य त्यातून कायद्याच्या पुस्तकात उतरले.

प्रसूती लाभ कायदा, १९६१ मधील तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आहेत. कारखान्यांना, तसेच दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या दुकानांना व आस्थापनांना त्या लागू होतात. प्रसूतीच्या अपेक्षित दिनांकापूर्वीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेल्या स्त्रीला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. दोन अपत्ये हयात असतील, तर पुढील बाळंतपणासाठी ती १२ आठवडे असते. या रजेच्या काळात तिला कामावरून काढणे किंवा तिच्या नोकरीच्या अटी तिच्या अहिताच्या होतील अशा बदलणे बेकायदेशीर आहे. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय करावी लागते. राज्य कामगार विमा योजनेत येणाऱ्या स्त्रियांना हा लाभ त्या योजनेतून मिळतो.

छळ, अपंगत्व आणि आजार

भेदभाव केवळ वेतनात नसतो. कामाच्या ठिकाणी होणारा लैंगिक छळ हाही स्त्रीच्या समानतेच्या हक्कावरील घाला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या विशाखा प्रकरणात मान्य केले. त्यातून पुढे २०१३ चा कायदा आला. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. त्याहून लहान ठिकाणी, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे. घरकाम करणाऱ्या भगिनींचाही या कायद्यात स्पष्ट उल्लेख आहे. त्यांचे कामाचे ठिकाण म्हणजे दुसऱ्याचे घर असते आणि तेथे साक्षीला कोणी नसते. म्हणून हा उल्लेख मोलाचा आहे.

अपंग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ नुसार सरकारी आस्थापना नोकरीच्या बाबतीत अपंग व्यक्तीशी भेदभाव करू शकत नाही आणि सेवेत असताना अपंगत्व आले म्हणून कोणाला काढून टाकता किंवा खालच्या पदावर उतरवता येत नाही. खाजगी आस्थापनांनाही समान संधीचे धोरण तयार करावे लागते.

एचआयव्हीबाधित व्यक्तींच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ सालीच वाट दाखवली होती. एका हंगामी कामगाराला, तो काम करण्यास सक्षम असतानाही, केवळ या संसर्गामुळे नोकरी नाकारण्यात आली. न्यायालयाने त्याला नाव गुप्त ठेवून दाद मागू दिली आणि न्यायही दिला. २०१७ च्या कायद्याने अशा भेदभावाला देशभर मनाई केली.

कायद्याचा हात कोठवर पोहोचतो?

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आम्हांस आवश्यक वाटते. धर्म किंवा जात यांवरून नोकरी नाकारण्यास संविधानाच्या अनुच्छेद १६ ने जी मनाई केली आहे, ती सरकारी नोकऱ्यांपुरती आहे. खाजगी कंपनीने आडनाव पाहून मुलाखतीलाच बोलावले नाही, तर त्याविरुद्ध थेट दाद देणारा, सर्व प्रकारच्या भेदभावांना व्यापणारा एकच कायदा आपल्या देशात नाही. वेतन संहिता लिंगाच्या कारणापुरती बोलते. ही उणीव आहे आणि ती भरून काढण्याची मागणी करण्याचा अधिकार नागरिक म्हणून आपल्याला आहे.

तरीही नोकरीत असलेला कामगार अगदीच निराधार नाही. गुणवत्ता न पाहता कामगारांच्या एका गटाला झुकते माप देणे आणि सूडबुद्धीने कामावरून काढणे, या दोन्ही गोष्टी औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये अनुचित कामगार प्रथा म्हणून नोंदल्या आहेत. मात्र व्यवस्थापक आणि दरमहा १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक त्या संहितेतील 'कामगार' या व्याख्येत येत नाहीत. शिक्षकही औद्योगिक कायद्याच्या अर्थाने कामगार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात ठरवले. महाराष्ट्रातील खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा वेगळा कायदा आहे. बडतर्फी किंवा पदावनतीविरुद्ध त्यांना शाळा न्यायाधिकरणाकडे तीस दिवसांत अपील करता येते.

दाद मागताना काय करावे?

प्रथम कागद जपावेत. नेमणूकपत्र, वेतनचिठ्ठ्या, हजेरीची नोंद, रजेचे अर्ज, वैद्यकीय दाखले यांच्या प्रती घरी ठेवाव्यात. नव्या संहितांनुसार प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र आणि वेतनचिठ्ठी देणे ही मालकाची जबाबदारी आहे. ती न मागणे ही आपली चूक ठरते. आपण प्रत्यक्षात रोज कोणते काम करतो, याची टिपणेही काढून ठेवावीत. डिकॉस्टा यांच्या खटल्यात पदनामापेक्षा प्रत्यक्ष काम निर्णायक ठरले, हे विसरू नये.

दुसरे म्हणजे, मुदत चुकवू नये. वेतन संहितेखाली दावा करण्यास तीन वर्षांची मुदत आहे. लैंगिक छळाची तक्रार तीन महिन्यांत करावी लागते. सबळ कारण असल्यास ती आणखी तीन महिन्यांनी वाढवता येते. गरोदरपणात कामावरून काढले गेल्यास साठ दिवसांत अपील करावे लागते. "बघू, पुढे सुधारेल" असे म्हणता म्हणता अनेकांचे हक्क मुदतीबाहेर जातात, आणि मग चांगला वकीलही फारसे काही करू शकत नाही.

तिसरे म्हणजे, योग्य दार ठोठवावे. कमी वेतनाचा दावा कर्मचारी स्वतः करू शकतो, त्याची नोंदणीकृत कामगार संघटना करू शकते, तसेच कामगार खात्याचा निरीक्षकही करू शकतो. देय रक्कम दिली आहे हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. दावा मान्य झाल्यास मूळ रकमेखेरीज तिच्या दहा पटींपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. सामान्यतः खाजगी आस्थापनांसाठी राज्याच्या कामगार आयुक्तांचे कार्यालय, तर रेल्वे, बँका, विमा, बंदरे अशा ठिकाणी केंद्र सरकारची यंत्रणा पाहावी लागते.

चौथे म्हणजे, खर्चाच्या भीतीने मागे हटू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना, अपंगांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि औद्योगिक कामगारांना त्यांचे उत्पन्न कितीही असले तरी मोफत विधी साहाय्य मिळू शकते. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. १५१०० हा त्यांचा दूरध्वनी क्रमांक आहे.

आपणही मालक आहोत

शेवटी एक विचार आपल्यासाठी. भेदभाव नेहमी दुसऱ्याच्या कचेरीतच होतो असे नाही. आपल्यापैकी अनेकांच्या वाड्या आहेत, दुकाने आहेत, छोटे कारखाने आहेत. आपल्या धर्मग्रामांतून शाळा, दवाखाने आणि संस्था चालतात. वाडीत दिवसभर सारखेच राबणाऱ्या गड्याला एक मजुरी आणि बाईला त्याहून कमी मजुरी, ही रीत आपल्या डोळ्यांना इतकी सरावली आहे की तिच्यात काही वावगे आहे असे वाटतही नाही. घरी काम करणारी बाई बाळंतपणासाठी गेली, की तिच्या जागी दुसरी ठेवून आपण मोकळे होतो. कायद्याचा निरीक्षक अशा प्रत्येक उंबऱ्यापर्यंत पोहोचणार नाही. तेथे आपली सदसद्विवेकबुद्धीच निरीक्षकाचे काम करू शकते.

एका लघुलेखिकेने सात हजार रुपयांसाठी दहा वर्षे झुंज दिली, तेव्हा ती केवळ आपल्यापुरती लढत नव्हती. आपल्या घरातील मुली आज ज्या कचेऱ्यांत, इस्पितळांत आणि कारखान्यांत कामाला जातात, तेथे त्यांच्या श्रमाचे मोल पुरुषांच्या बरोबरीने व्हावे, यासाठी तिने रस्ता घालून दिला. वाचकहो, तो रस्ता आपल्यासाठी खुला आहे. आपल्यावर अन्याय झाल्यास त्यावरून निर्भयपणे चालावे आणि आपल्या हाताखाली काम करणाऱ्या कोणालाही त्यावरून जाण्याची वेळ येऊ देऊ नये, एवढीच आमची विनंती.